कोपऱ्यातले तारे

३ ऑक्टोबर

वहिनी,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुम्ही म्हणाल, हिला आता काय पाहिजे? तर सांगून टाकते. मला आकाशाचे फोटो काढायला शिकायचंय.

हसू नका. म्हणजे हसा, पण पत्र पुढे वाचा. मागच्या वर्षी तुमच्या मंडळाच्या प्रदर्शनाला आम्ही दोघं आलो होतो ना, तेव्हा तुमच्या त्या मृगातल्या तेजोमेघासमोरून मला हलवेचना. हे दंडाला धरून ओढत होते, "चल, गाडी चुकीच्या जागी लावलीय" म्हणून. गाडीला दंड बसला. घरी येईपर्यंत मी ऐकून घेतलं, पण डोळ्यांसमोर तुमचा फोटोच होता.

आमच्या गणवेशाच्या कारखान्यात मी दिवसभर कापड कापते. खाली बघून बघून मान आखडली. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून मान वर करा. म्हटलं, वर करायचीच आहे तर काहीतरी बघावं तरी. नाक्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याने त्याचा जुना कॅमेरा दिलाय, तिपाई पण दिलीय. एक पाय जरा लंगडा आहे, पण उभी राहते.

आपण एका घरातल्या जावा, आणि वीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागते. भाऊजींना नमस्कार सांगा.

धाकटी


११ ऑक्टोबर

धाकटे,

पत्र मिळालं. हसू नका म्हणालीस म्हणून जास्त हसले.

वीस वर्षांत तू काय काय सुरू केलंस ते आठवतंय का? विणायला घेतलंस, स्वेटरला एक बाही झाली. पेटी शिकलीस, खालच्या मजल्यावरच्यांनी घर बदललं. मग केक. तुझ्या केकने तुझ्याच नवऱ्याचा दात हलला, तो पुढे काढावाच लागला. आता आकाश. आकाशाचं तू काही वाईट करू शकत नाहीस, एवढाच दिलासा.

शिकवीन, पण माझ्या पद्धतीने. फोटो फोनवर पाठवायचे नाहीत. त्या चकचकीत काचेवर सगळंच सुंदर दिसतं. मी तीस वर्षं एक्स-रे काढले, मला फोटो हातात धरून बघायची सवय आहे. कागदावर छापायचा, पाकिटात घालायचा, पोस्टात टाकायचा. मी पत्राने उत्तर देईन. फोन करायचा नाही, फोनवर तू रडतेस.

पहिला धडा. कॅमेऱ्याचं सगळं आपोआप करणारं बटण बंद कर. एखाद्या ठळक ताऱ्यावर भिंग रोख आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडं फिरव. तारा पुरीएवढा फुगला तर मला पाठवू नकोस. हाताने बटण दाबू नकोस, हात थरथरतो. कॅमेऱ्याला दहा सेकंद थांबून आपला आपण फोटो काढायला सांग. बाकी तुला झेपणार नाही.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. पहिल्या दिवशी तासभर फोटो काढले, सगळे काळेकुट्ट. मला वाटलं ढग आलेत. खाली येऊन बघते तर भिंगावर झाकण. ह्यांनी ते झाकण दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या डब्यात घालून पाठवलं. कारखान्यात सगळ्याजणी विचारायला लागल्या, हे काय आणलंस?

दुसऱ्या वेळी झाकण काढलं, तर सगळे तारे दोन-दोन. मी म्हटलं, मला काहीतरी शोध लागला! मग कळलं, आमच्या गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी तिपाई ठेवली की खाली पंप सुरू झाला रे झाला, सगळी गच्ची गुरगुरते. आता पंपवाल्याला विचारून वर जाते. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी तक्रार केली की मी त्यांच्या खिडकीत बघते. त्यांना वर बोलावून शनी दाखवला. म्हणाल्या, एवढासाच?

सोबत एक फोटो पाठवतेय. शर्मिष्ठा आहे. पाच तारे मोजता येतात, मी मोजले. वहिनी, खरंच सांगा कसा आलाय. मला वाईट वाटलं तरी चालेल.

धाकटी


१७ नोव्हेंबर

धाकटे,

वाईट वाटलं तरी चालेल म्हणालीस, म्हणून आनंदाने लिहिते.

चारी कोपऱ्यांत तारे आहेत की अळ्या? उजवीकडे वरच्या कोपऱ्यात तर प्रत्येकाला शेपूट फुटलंय. भिंग पूर्ण उघडं ठेवलंस की असं होतं. तोंड थोडं लहान कर, कडेचे तारे सरळ होतील. फोटो कोपऱ्यावरून ओळखायचा असतो. मध्ये काय, कुणीही चांगलं काढतं.

पुढचा धडा. एका फोटोत काही नसतं. एकाच जागेचे चाळीस-पन्नास फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. जे प्रत्येकात आहे ते उजळतं, बाकीची घाण विरते. त्यासाठी ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरणारं छोटं यंत्र लागतं. ते ध्रुवताऱ्यावर रोखायचं. तुला घेणं झेपत असेल तर घे, नाहीतर पेटी विकून घे. आणि गच्ची सोड, अंधाराची जागा शोध.

एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. विमान गेलं की त्या फोटोत लाल-पांढरी रेघ उमटते. तो फोटो बाकीच्यांत मिसळायच्या आधी उचलून फेकायचा. विमानाची रेघ असलेलं चित्र मला पाठवलंस तर टराटरा फाडून त्याच पाकिटातून परत करीन. मंडळात लोकांना मी तसंच परत केलेलं आहे.

तुझं टाकीचं आणि झाकणाचं पत्र ह्यांनी आलेल्या पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लोक पोट धरधरून हसले. तेवढं एक तुला जमतं.

वहिनी


२२ डिसेंबर

वहिनी,

यंत्र घेतलं. पेटी विकली नाही, सुट्टीच्या दिवशी जादा काम केलं.

गावाबाहेर पेट्रोल पंपाच्या मागे एक माळ आहे, तिथे जाते. हे गाडीत झोपतात, काच वर करून. मी बाहेर दोन स्वेटर घालून उभी. एका स्वेटरला एकच बाही आहे, हो, तोच. ध्रुवतारा सापडायला पहिल्या दिवशी इतका वेळ लागला की मला रडू आलं. मग सापडला आणि यंत्र हळूच गुंजायला लागलं, तेव्हाही रडू आलं.

सोबत कृत्तिका आहेत. लहानपणी आम्ही तो पुंजका मोजायचो, कुणाला सहा दिसायचे, कुणाला सात. वहिनी, माझ्या फोटोत तो पुंजका निळ्या धुरात बसलाय. हा धूर डोळ्यांना दिसत नाही ना? मी संगणकावर फोटो एकावर एक बसवले आणि तो हळूहळू वर आला, तेव्हा ह्यांना हाक मारून उठवलं. ते डोळे चोळत बघत उभे राहिले.

कडेचे तारे सरळ करायचा पुष्कळ प्रयत्न केलाय. मला मोठं पत्र नको. बरा आहे की नाही, एवढं एका शब्दात सांगा. तुमच्याकडून बरा म्हणजे मला खूप झालं.

धाकटी


२ जानेवारी

धाकटे,

एका शब्दात सांगायचं तर, नाही.

खालचा डावा कोपरा बघ. तारे अजून लांबट आहेत. वरचा उजवा कोपरा तांबूस झालाय. पेट्रोल पंपाचा उजेड असणार. डाव्या कडेला काळोख जास्त आहे. भिंगासमोर पांढरं कापड ताणून सारख्या उजेडाचे काही फोटो घ्यायचे असतात, मग ती कड भरून निघते. कापडातली बाई तू, आणि तुला हे सुचू नये!

आणि आता जरा मनापासून सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. तू सोडून दे. यंत्र विकत मिळतं, कष्टही तू करतेस, नाही म्हणत नाही. पण ह्याला नजर लागते, आणि ती तुझ्याकडे नाही. ती शिकवून येत नाही. कापडावर पट्टी ठेवून खडूने आखलं की तुझं काम होतं, तिथे तू ठीक आहेस. लग्न होऊन आलीस तेव्हाच मी सासूबाईंना म्हटलं होतं, मुलगी कामसू आहे, पण डोक्याने जरा यथातथाच. त्यांना तेव्हा राग आला होता.

वहिनी


१० जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र चार दिवस डब्याच्या पिशवीत घेऊन फिरतेय. रडून झालं. आता एक विचारते.

कृत्तिकांचा तो फोटो पोस्टात टाकला आणि घरी येऊन दुसरी प्रत उजेडात धरली. मधोमध विमानाची रेघ होती. कृत्तिकांच्या बरोबर छातीवरून, कापडावर खडूने आखावी तशी. एक फोटो फेकायचा राहून गेला होता. कशी दिसली नाही कोण जाणे, निळ्या धुराकडेच बघत बसले असेन. तेव्हापासून फाडलेल्या फोटोची वाट बघत होते. आणि तुमचं पत्र आलं ते चार कोपऱ्यांबद्दल. रेघेचं नावसुद्धा नाही.

मग मी तुमची सगळी पत्रं काढून बसले. सगळीकडे कोपरे. शर्मिष्ठा मी मधोमध घेतली होती, तिच्याबद्दल एक अक्षर नाही. हल्ली तुमच्या ओळी उजवीकडे खाली उतरत जातात. आणि दिवाळीत चुलत पुतण्याच्या नव्या घरी जेवायला जमलो होतो, तेव्हा तुम्ही सगळा वेळ माझ्या कानाकडे बघून बोलत होतात. मी मनात म्हटलं, बघा किती हा तोरा, माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. तुम्ही चहा ओतताना भाऊजींनी कप हळूच धारेखाली सरकवला, तेही मी बघितलं होतं. जाताना जिन्यात मी भाऊजींना विचारलं, वहिनींना बरं नाही का? तर म्हणाले, "तिला काय धाड भरलीय, घारीची नजर आहे तिची." आणि भराभर खाली उतरून गेले.

आमच्या कारखान्यात बटणं लावणाऱ्या मावशींना हेच झालं. समोरच्या माणसाचं तोंड पुसल्यासारखं, आणि कडेची भिंत मात्र स्वच्छ.

वहिनी, तुम्हाला मधलं दिसत नाही ना? तसं असेल तर मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही. दर रविवारी येईन. फोटोत कुठे काय आहे ते वाचून दाखवीन, मंडळाच्या प्रदर्शनासाठी फोटो निवडता तेव्हा शेजारी बसेन, कुणाला कळूसुद्धा देणार नाही. तुमच्यासारखं मला येत नाही, पण माझ्या डोळ्यांनी तुम्ही बघा.

धाकटी

(खाली पेन्सिलीने: पाठवलं नाही. तिकीट लावलं होतं. मग त्यांचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. नजर माझ्याकडे नाही म्हणे.)


२० जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र जिवाला लागलं, पण उपयोगी पडलं. सोडणार होते, मग म्हटलं एकदा शेवटचा प्रयत्न करून बघू. भिंगाचं तोंड आणखी लहान केलं, पांढरं कापड ताणून फोटो घेतले, माळावर पंपाकडे पाठ करून उभी राहिले.

सोबत पुन्हा कृत्तिकाच पाठवतेय. चारी कोपरे बघा. आणि ह्या वेळी मधलंही नीट बघा, मी तिथे फार मेहनत घेतलीय.

धाकटी


२७ जानेवारी

धाकटे,

मी खोटी स्तुती करत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून नीट वाच.

कोपरे सरळ झाले आहेत. चारी. कडेचा काळोख गेला. आणि कृत्तिका सुरेख आल्या आहेत. निळा धूर जास्त भडक केला नाहीस हे फार बरं केलंस. नवशिके तिथेच फसतात. मधल्या ताऱ्यांना सांभाळून घेतलंस. इतक्या थोड्या दिवसांत हे जमेल असं मला वाटलं नव्हतं. आजवर तू पाठवलेल्यांत हा सगळ्यात चांगला.

माझे शब्द मी मागे घेत नाही, पण ह्या फोटोपुरते घेते.

वहिनी


१ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. वीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा चांगलं म्हणालात. मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं आणि पाठोपाठ फोटो दाखवला. ह्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू हे काय केलंस?"

मी म्हटलं, मेहनत केली.

धाकटी


१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

उत्तराला उशीर झाला. मध्ये घरात थोडी आवराआवर चालली होती. तुझे सगळे जुने फोटो ह्यांनी काढून दिले आणि मी ते एकेक करून पुन्हा समजून घेतले. मला वाटतं, मी तुझ्याशी फार कडक वागले. माझा स्वभावच तसा, तुला माहीत आहे. मनावर घेऊ नकोस.

आता कामाचं. मंडळाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. निवड मी एकटी करते, गेली बारा वर्षं. मूळ फाइल वगैरे कुणी मागत नाही. मी हो म्हटलं की झालं. तू तुझा तो दुसरा कृत्तिकांचा फोटो दे. तोच दे, दुसरा कुठला नको. मोठा छापून, चौकट करून, वरून कागदात गुंडाळून थेट माझ्याकडे पाठव. समारंभापर्यंत मी तो झाकूनच ठेवीन. बक्षीस मिळालेला फोटो सगळ्यांसमोर उघडायचा, असं ह्या वर्षी ठरवलंय.

अर्जावर सही करायला विसरू नकोस. येशील ना?

तुझी वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही एवढ्या गोड झालात की मला घाबरायला झालं. हे म्हणतात, जाऊ नकोस, हा खेळ इथेच थांबव. मी म्हटलं, वहिनी स्वतः बोलावतायत, आणि मी जाऊ नको?

फोटो पाठवतेय. सही केलीय. पहिलं बक्षीस मिळो न मिळो, तुमच्या हातून फोटो उघडला जावा, सगळं मंडळ समोर बसलेलं असावं, आणि तुम्ही माझ्या कृत्तिकांबद्दल चार शब्द बोलावेत, एवढीच इच्छा आहे. मी तिसऱ्या रांगेत बसेन. निळी साडी.

धाकटी


१५ मार्च

धाकटे,

हे पत्र मी सांगतेय आणि हे लिहितायत. अक्षरावरून ओळखलं असशील. आता लपवायचं काही उरलं नाही.

तू मधेच उठून गेलीस म्हणून पुढचं तुला कळलं नसेल. सांगते.

मी फोटोवरचा कागद काढला तेव्हा सभागृहात खसखस पिकली, ती तू ऐकलीस. पाटीवर कृत्तिका आणि चौकटीत मधोमध नुसतं काळं आकाश. तुला वाटलं आता म्हातारी गेली. मग मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हटलं, माझ्या डोळ्यांच्या मधला भाग गेलाय, मला समोरचं दिसत नाही. हे आमच्या घरात फक्त ह्यांना माहीत होतं. आणखी एका व्यक्तीच्या लक्षात आलं. त्या व्यक्तीने मला विचारलं नाही, डॉक्टरांकडे नेलं नाही. तिने आकाशातून कृत्तिका पुसून मला पाठवल्या आणि वर लिहिलं, मधलं नीट बघा. ती माझी धाकटी जाऊ, तिसऱ्या रांगेत बसलीय, निळी साडी.

इथे तुझी खुर्ची पडली. तो आवाज मला ऐकू आला.

मंडळाचा पहिला नियम सगळ्यांना पाठ आहे: आकाशात जे आहे ते पुसायचं नाही, नाही ते घालायचं नाही. तिथल्या तिथे ठराव झाला. तुझं नाव आमच्याकडे कायमचं बंद, आणि बाकीच्या मंडळांनाही पत्रं गेली आहेत. तुझ्याच सहीच्या अर्जासकट. मी राजीनामा दिला. लोक उभे राहिले. किती वेळ टाळ्या वाजत होत्या ते ह्यांना विचार, माझे तर हात दुखले नमस्कार करून.

कसं कळलं म्हणशील. तुझा तो रिकामा फोटो मी कौतुकाने टेबलावर उभा करून ठेवला होता. हे चहा घेऊन आले आणि म्हणाले, "ह्याच्यात मध्ये काहीच का नाही?" त्या दिवशी मी जेवले नाही. मग तुझे सगळे फोटो मी ह्यांच्याकडून वाचून घेतले, रेघेसकट.

आणि आता ऐक. डिसेंबरातला तुझा पहिला कृत्तिकांचा फोटो हातात घेऊन हे खिडकीशी गेले. ह्यांनी माझे वीस वर्षांचे फोटो बघितलेत. म्हणाले, "असा निळा तुझ्या फोटोंत कधी आला नव्हता." मी पुन्हा पुन्हा विचारलं, ते पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. एक विमानाचा फोटो काढून टाकून तोच दिला असतास तर ह्या वर्षीचं पहिलं बक्षीस तुझंच होतं, आणि पुढच्या वर्षी माझी खुर्चीही. तुझा फोटो उत्तम होता, धाकटे. तुला हे ऐकायचं होतं ना? आता ऐक आणि घरी भिंतीला लाव. दुसरीकडे कुठे लागायचा नाही.

एकच गोष्ट मला अजून समजत नाही. तुला कळलं कसं? मी कुणाला शब्दाने बोलले नव्हते. फक्त ह्यांना ठाऊक होतं, आणि हे शपथेवर सांगतात की ह्यांनी तोंड उघडलं नाही. माझा ह्यांच्यावर विश्वास आहे. आता दुसरं आहे काय माझ्याकडे? सकाळचा पेपर हे वाचतात, औषधाची बाटली हे ओळखतात, वर चांदणं पडलंय की ढग आहेत ते हे सांगतात, आणि मी ते खरं धरते. म्हणून विचारते. उत्तर दे, मग पुन्हा लिहू नकोस.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं. तुम्ही जिंकलात, मी काही म्हणत नाही. यंत्र विकलं, कॅमेरा स्टुडिओवाल्याला परत केला. मान पुन्हा आखडायला लागलीय. डिसेंबरातला फोटो मी भिंतीला लावला नाही. माळावर जाऊन जाळला. हे गाडीतून उतरले आणि शेजारी उभे राहिले. ते आजकाल माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर दुसऱ्या पानावर आहे. भाऊजी, तुम्ही पत्र आधी मनातल्या मनात वाचून घेता, मग मोठ्याने वाचता, हे मला माहीत आहे. दुसरं पान तुम्ही वाचायची गरज नाही. गणवेशाच्या जाड कापडाची अक्षरं कापून मी ती पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत, चांगली बोटभर उंच. वहिनींच्या हातात द्या. त्यांना बोटांनी लागतील. मला कापड नीट कापता येतं, हे त्या स्वतःच म्हणाल्या होत्या.

धाकटी

(दुसरं पान. पुठ्ठा. काळ्या कापडाची अक्षरं.)

मला भाऊजींनी सांगितलं.